चुंबकाला हो म्हणण्याआधी

मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, 'आता टीएमएस करून बघू या.' हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक येतं, आणि घरी पोचेपर्यंत दोन तट पडलेले असतात. एकाला डोक्याला चुंबक लावायची कल्पनाच सहन होत नाही. दुसरा म्हणतो, गोळ्या नाहीत, भूल नाही, शॉक नाही, मग विचार कसला करायचा? पुढची कृती दोघांसाठी आहे. फायदे माहितीपत्रकात असतातच, म्हणून इथे फक्त तोटे मांडून तोलायचे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या तोट्यांची भीती वाटते ते बहुतेकदा लहान निघतात. मोठे निघतात ते कंटाळवाणे तोटे, म्हणजे रोजचं येणं-जाणं, पैसे, आणि एवढं करून गुण न येण्याची शक्यता.

साहित्य: एक वही, आजवरच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, विमा असेल तर पॉलिसीची पूर्ण प्रत, नुसतं कार्ड नव्हे, कॅलेंडर, आणि घरातलं एक माणूस, जे लिहून घेईल पण निर्णय देणार नाही. हे शेवटचं मिळवणं सगळ्यांत अवघड.

वेळ: चार-पाच संध्याकाळी, रोज अर्धा तास. नैराश्यातल्या माणसाला एका बैठकीत हे झेपत नाही.

आधी उपचार काय आहे ते दोन ओळींत. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन माणसाचा मेंदू उत्तेजित करून दाखवला. अमेरिकेच्या एफडीएने नैराश्यासाठी पहिल्या यंत्राला २००८ मध्ये परवानगी दिली. आज रुग्ण जागेपणी खुर्चीत बसतो, कपाळाच्या डाव्या बाजूला वरच्या अंगाला कॉइल टेकवतात, आणि त्यातून टकटक करत स्पंदनं जातात. चुंबकीय क्षेत्राची ताकद साधारण एमआरआय यंत्राएवढी, पण ती क्षणाच्या बारीक तुकड्यापुरती आणि मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरती. भूल लागत नाही, आकडी आणायची नसते. त्यामुळे शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, ही वेगळी गोष्ट.

पहिली पायरी: तोलायला वेळ आहे का ते बघा

रुग्णाने खाणंपिणं सोडलं असेल, कानात आवाज येऊन कुणी दोष देत असेल, तासन्‌तास एकाच स्थितीत बसून राहत असेल, किंवा जीव देण्याचा विचार ठाम होत असेल, तर वही मिटा आणि आजच डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पण जिवाला धोका असेल तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

टीएमएसचा पहिला तोटा इथेच दिसतो: ते सावकाश लागू पडतं. गुण दिसायला आठवडे जातात. वरच्या स्थितींत ईसीटी जास्त खात्रीचं आणि लवकर काम करतं. 'शॉक नको, त्यापेक्षा चुंबक बरा' म्हणून गंभीर रुग्णाला टीएमएसच्या रांगेत बसवणं हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा निर्णय वाटतो, आणि तो बहुधा रुग्णापेक्षा नातेवाइकांच्या भीतीपोटी घेतला जातो.

दुसरी पायरी: औषधांचा जमाखर्च

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: औषध, जास्तीत जास्त डोस, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून भरा. आठवणीवर विसंबू नका.

'औषधांना दाद न देणारं नैराश्य' असं म्हणायला सर्वसाधारणपणे दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे (सहा ते आठ धरा) घेऊन झालेली असावी लागतात. पान भरल्यावर पुष्कळदा वेगळंच दिसतं. 'पाच औषधं झाली' म्हणताना त्यातलं एक पित्त खवळलं म्हणून नवव्या दिवशी सोडलेलं असतं, दुसरं शेवटपर्यंत सुरुवातीच्याच डोसवर राहिलेलं असतं, तिसरं दिवाळीला गावी जाताना घरीच विसरलेलं असतं. याचा अर्थ टीएमएस नको असा नाही. पण हे पान डॉक्टरांसमोर ठेवलं की संभाषण बदलतं. थायरॉइड, बी-१२, रोजची दारू, पूर्वी कधी आठवडाभर झोपेविना उत्साहाचा झटका येऊन गेलेला असणं, हेही त्याच पानावर खाली लिहा. शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण बायपोलर आजारात टीएमएसमुळे क्वचित मनःस्थिती उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकते.

आता उलट बाजूही लिहा: टीएमएस नाही घेतलं तर काय? कोणताही तोटा पर्यायाशेजारी ठेवूनच तोलता येतो. नेदरलँड्समध्ये ८९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, किमान दोन औषधं फसलेल्या लोकांना एकतर टीएमएस दिलं किंवा पुढचं औषध बदलून दिलं. दोन्हीकडे बोलण्याचे उपचार चालूच होते. टीएमएसच्या गटात सुमारे ३७ टक्क्यांना ठळक फरक पडला, औषध बदलणाऱ्यांत सुमारे १५ टक्क्यांना. म्हणजे 'आणखी एक गोळी बदलून बघू' हा निर्णयही फुकटचा नाही. त्यात महिने जातात.

तिसरी पायरी: कुणी बसूच नये, किंवा सांगूनच बसावं

ही यादी छोटी आहे, पण इथे लपवाछपवी चालत नाही. डोक्यात किंवा कॉइलपासून तीसेक सेंटिमीटरच्या आत धातू असेल (मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, अपघातात राहिलेला तुकडा) तर हा उपचार बहुधा बाद. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. दातातलं सिमेंट किंवा चांदी सहसा आड येत नाही. कानातले, केसातल्या पिना, श्रवणयंत्र मात्र काढूनच बसायचं.

मग आकडीचा प्रश्न. लहानपणी एखादी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार, पक्षाघात, मेंदूतली गाठ? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कारण 'तापात झटके यायचे त्याला' हे आईलाच माहीत असतं. काही औषधं आकडीचा उंबरठा खाली आणतात. ब्युप्रोपियॉन, क्लोझापिन आणि जुन्या प्रकारची ट्रायसायक्लिक औषधं त्यांतली. याचा अर्थ ती आपल्या मनाने बंद करायची असा नव्हे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही अचानक सोडणं तर जास्तच धोक्याचं. सासरेबुवांसमोर दारूचा आकडा सांगायचा नसेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटा, पण खरा आकडा सांगा.

चौथी पायरी: अंगाला काय होईल, याचे तीन रकाने

'बहुतेक होईल', 'होऊ शकेल', 'क्वचित'. माहितीपत्रकात हे सगळं एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत असतं, म्हणून वेगळं करून लिहायचं.

पहिल्या रकान्यात: कॉइलच्या जागी टोचल्यासारखं किंवा हातोडीने ठोकल्यासारखं वाटणं, डोकेदुखी, भुवई आणि गालाचे स्नायू फडफडणं, कधी दातात कळ. पहिल्या आठवड्यात हे जास्त जाणवतं, नंतर बहुतेकांचं कमी होतं. साधी वेदनाशामक गोळी आधी घेता येईल का, ताकद हळूहळू वाढवता येईल का, कॉइलचा कोन थोडा बदलता येईल का, हे तीन प्रश्न लिहून ठेवा. तंत्रज्ञाला सांगायला लोक संकोचतात आणि दात-ओठ खाऊन बसतात. कशाला? यंत्राच्या खटखटाचा आवाजही मोठा असतो. कानात बोळे घालायलाच हवेत, रुग्णानेही आणि सोबत बसणाऱ्यानेही. बोळे न देणारं केंद्र असेल तर बाकीच्या शिस्तीबद्दलही शंका घ्या.

दुसऱ्या रकान्यात: चक्कर, पहिल्या दिवशी उपाशीपोटी किंवा घाबरून भोवळ येणं, झोप बिघडणं, काही दिवस जास्त अस्वस्थ वाटणं. उपचारानंतर कानात आवाज किंवा बेचैनी टिकून राहिल्याची तक्रार काही रुग्ण करतात. चाचण्या काही आठवड्यांच्याच असल्याने अशा तक्रारी त्यांच्या आकड्यांत नीट उतरत नाहीत, म्हणून त्या झटकून टाकू नयेत. आधीपासून कान वाजत असेल तर सुरुवातीलाच नोंद करून घ्या.

तिसऱ्या रकान्यात: आकडी. हजार रुग्णांत एकाहूनही कमी, आणि आली तरी सहसा सिटिंग चालू असताना किंवा लगेच, थोडा वेळ, आपोआप थांबणारी. मला इथे आकड्यापेक्षा खोली महत्त्वाची वाटते. केंद्रात जाऊन एकदा बसा आणि विचारा: सिटिंगच्या वेळी खोलीत कोण असतं? त्याने आकडी हाताळायचं शिक्षण घेतलंय का? डॉक्टर इमारतीत असतात की फोनवर? पहिल्या दिवशी अंगठा हलेल इतपत स्पंदन शोधून तुमच्यापुरती ताकद ठरवली जाते. तो उंबरठा झोप, दारू आणि औषधं बदलली की हलतो. 'मधे काही बदललं तर पुन्हा मोजता का?' या प्रश्नाला ताबडतोब उत्तर आलं तर केंद्र जागं आहे.

आणि चौथा, रिकामा रकाना हवाच: काय होत नाही. ईसीटीनंतर काही जणांची स्मृती जशी पुसट होते तसं इथे आढळलेलं नाही. वजन वाढणं, तोंड कोरडं पडणं, लैंगिक इच्छा मरणं, हे गोळ्यांचे त्रासही नाहीत. सिटिंगनंतर माणूस स्वतः घरी जाऊ शकतो. ज्याच्या गोळ्या याच कारणांनी सुटल्या, त्याच्यासाठी हा रकाना बाकीच्या तिन्हींवर मात करू शकतो.

पाचवी पायरी: दिवस मोजा

कॅलेंडर उघडा. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे वीस ते तीस सिटिंग्ज. जुन्या पद्धतीत एक सिटिंग सुमारे ३७ मिनिटांची. 'थीटा बर्स्ट' नावाच्या पद्धतीत तीनेक मिनिटांची. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या चाचणीत ती लांब पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. तीन मिनिटं ऐकून माणूस खूश होतो. पण साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्याचे त्या तीन मिनिटांसाठी पाच-सहा तास जातात. मोजायचा तो दारापासून दारापर्यंतचा वेळ.

या पायरीवर रेंगाळा, कारण उपचार इथेच मोडतात. नैराश्यातल्या माणसाला सकाळ सर्वांत जड असते. अंथरुणातून उठणं हाच ज्याचा आजार, त्याने महिनाभर रोज उठून, आवरून, बस पकडून वेळेवर पोचायचं. कोण उठवणार? कोण सोबत जाणार, आणि त्याची रजा किती? बाई रुग्ण असेल तर घरातले लोक 'जाऊन ये की' म्हणतात, पण सकाळचा डबा कोण करणार हे कुणी बोलत नाही. नाव घालून लिहा. शहरात काकूकडे राहायचं ठरलं तर काकूला काय सांगायचं, हेही आधी ठरवा. 'डोकेदुखीचे उपचार' असं सांगून महिनाभर लपवत राहण्याचा ताण काही लोकांना सिटिंगपेक्षा जड जातो. गणपती, दिवाळी, वार्षिक परीक्षा, सुगी, लग्नघर यांपैकी त्या सहा आठवड्यांत काय येतं? केंद्र किती दिवस बंद असतं? एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण सारखे चुकले तर पैसेही गेले आणि 'टीएमएस फसलं' हा शिक्काही बसला, जो खरं तर खोटा असतो.

'आमच्याकडे पाच दिवसांत होतं' असं कुणी सांगितलं तर कान टवकारा. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या जलद पद्धतीला एफडीएने २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. तीत दिवसाला दहा सिटिंग्ज, मधे तासाभराचं अंतर, पाच दिवसांत पन्नास, आणि जागा रुग्णाच्या एमआरआयवरून नेमकी शोधलेली. दिवसाला दोन-तीन सिटिंग्ज देऊन आठवड्यात आटोपणं म्हणजे ती पद्धत नव्हे. तुमच्या केंद्राची घाईची पद्धत कोणत्या चाचणीवर बेतली आहे, हे सरळ विचारा.

सहावी पायरी: गुण येण्याचे आकडे वाचा

सगळ्यांत आधी दोन शब्द वेगळे करा. 'प्रतिसाद' म्हणजे लक्षणांचे गुण निम्म्याने उतरणं. 'पूर्ण उतार' म्हणजे आजार जवळपास दिसेनासा होणं. 'साठ टक्के लोकांना फायदा' म्हटलं की यांतलं कोणतं ते विचारा.

आता तीन अभ्यास शेजारी ठेवा. अमेरिकेतल्या दवाखान्यांत ३०७ रुग्णांवर केलेल्या, २०१२ मध्ये छापलेल्या निरीक्षणात डॉक्टरांच्या मोजणीप्रमाणे ५८ टक्क्यांना प्रतिसाद आणि ३७ टक्क्यांना पूर्ण उतार मिळाला. रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीप्रमाणे पूर्ण उतार २९ टक्के. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी खर्चाच्या चाचणीत नकली कॉइलशी तुलना केली: खऱ्या कॉइलने १४ टक्के पूर्णपणे उतरले, नकलीने ५ टक्के. आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत खरी कॉइल ४१ टक्के, नकली ३७ टक्के, म्हणजे फरक सांगण्याजोगा नाहीच. या सैनिकांपैकी अनेकांना युद्धाचे मानसिक आघात आणि व्यसनांचे प्रश्न होते.

यातून 'सगळं थोतांड' असा निष्कर्ष मी काढत नाही. नकली कॉइलवाल्यांनाही रोज कुणीतरी नावाने हाक मारत होतं, 'काल झोप लागली का' विचारत होतं, दिवसाला एक ठरलेलं काम होतं. त्याचाही गुण येतो. पण माहितीपत्रकात पहिलाच अभ्यास असतो, उरलेले दोन नसतात. वहीत तिन्ही लिहा. मग केंद्राला विचारा, 'तुमच्याकडच्या मागच्या पन्नास रुग्णांत किती उतरले, आणि कोणत्या मोजपट्टीवर?' 'खूप छान रिझल्ट आहेत' हे उत्तर धरू नका.

गुण टिकण्याचाही हिशेब याच पानावर. २५७ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा सुधारलेल्यांपैकी साधारण ६२ टक्क्यांची सुधारणा वर्षाअखेरपर्यंत टिकली. मात्र त्या वर्षात सगळ्या रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा सिटिंग्ज घ्याव्या लागल्या. म्हणजे पाचवी आणि सातवी पायरी पुन्हा करावी लागण्याची शक्यता धरूनच चाला.

सातवी पायरी: पैसे

सिटिंगचा दर गुणिले सिटिंग्ज, अधिक आधीची तपासणी, अधिक प्रवास आणि राहणं, अधिक दोन माणसांची बुडालेली मजुरी किंवा रजा, अधिक पुढच्या वर्षीच्या पुन्हाच्या सिटिंग्ज. पाचही आकडे लिहिल्याशिवाय बेरीज करू नका.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषांवर विमा द्यायला हवा. तत्त्व चोख आहे. अडचण वेगळीच: टीएमएस बहुधा बाह्यरुग्ण म्हणून दिलं जातं, आणि पुष्कळ पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. विमा नियामकाने २०१९ मध्ये काढलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, टीएमएस नाही. म्हणून एजंटच्या 'होऊन जाईल'वर जाऊ नका. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा, तेही पहिल्या सिटिंगच्या आधी.

पूर्ण पॅकेजचे पैसे एकदम भरायचा आग्रह झाला तर दहा-दहा सिटिंग्जचे भरू का ते विचारा, आणि मधेच थांबल्यास उरलेले परत मिळतील का ते पावतीवर लिहून घ्या. दागिने मोडून किंवा व्याजाने पैसे काढून टीएमएस घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गुण आला नाही तर कर्जाचं ओझं त्याच माणसाच्या छातीवर बसतं, आणि नैराश्य त्याला सांगत राहतं की घर तुझ्यामुळे बुडालं.

आठवी पायरी: थांबायची जागा आधीच ठरवा

ही पायरी लोक हटकून गाळतात. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. गुण शून्य ते सत्तावीस. पहिल्या सिटिंगआधी भरा, मग दर शनिवारी, रुग्णाने स्वतः, कुणी डोकावून न बघता. डॉक्टरांशी आधी ठरवा: विसाव्या सिटिंगला गुण जागचे हलले नसतील तर बसून बोलायचं. काही जणांना उशिरा गुण येतो, म्हणून विसाव्यालाच दार लावू नये. पण तिसाव्याच्या पुढे 'अजून दहा घेऊन बघा' असं कुणी म्हणालं तर कारण आकड्यांत मागायचं. हे वहीत लिहून खाली तारीख घाला. उपचार चालू झाल्यावर, पैसे गुंतल्यावर, हा निर्णय थंड डोक्याने होत नाही.

नववी पायरी: निर्णय कोणाचा

आता वही रुग्णाच्या हातात द्या. थोरल्या दिरांनी किंवा परदेशातल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर ठरवायची ही गोष्ट नाही. संमतिपत्रावर सही रुग्णाची, ती वाचून झाल्यावरची, आणि मधेच 'नको' म्हणायचा हक्कही त्याचाच. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१५ मध्ये या उपचाराला हिरवा कंदील दाखवताना डॉक्टरांना बजावलं आहे की दुसरे पर्याय आहेत आणि फायदा न होण्याचीही शक्यता आहे, हे रुग्णाला सांगितलंच पाहिजे. तुमच्या संमतिपत्रात ही दोन वाक्यं आहेत का ते बघा. नसतील तर तोंडी विचारा.

'हो' ठरलं तर चालू गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत तशाच ठेवा आणि उपचारादरम्यान बदललेली प्रत्येक गोळी तंत्रज्ञाला कळवा. 'नाही' ठरलं तर त्याच पानावर, त्याच दिवशी, त्याऐवजी काय करणार (डोस वाढवणं, जोडीला दुसरं औषध, समुपदेशन की ईसीटी) आणि डॉक्टरांची पुढची तारीख लिहा. 'बघू नंतर' असं लिहून पान बंद करू नका.